एका पार्टचे पॅरामीटर दुसऱ्या पार्टमध्ये कसे न्यायचे? (६३ वेळा टाइप न करता)

रबाळेचा_राघू | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिझाईनला आहे. आम्ही कन्व्हेयर बनवतो, थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर क्रिओ. नव्या कस्टमरला ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) त्याच्या पद्धतीचे अकरा रकाने हवेत: त्यांचा पार्ट नंबर, प्रोजेक्ट कोड, मटेरियल, हीट ट्रीटमेंट, फिनिश, वजन वगैरे. एका पार्टमध्ये हे अकरा कस्टम पॅरामीटर (नाव आणि त्याची किंमत अशा नोंदी) बनवले, ड्रॉइंगवर झकास उमटले. आता तेच उरलेल्या ६३ पार्टमध्ये हवेत.

आज हाताने टाकत बसलो. सात पार्ट झाले, पावणेदोन तास गेले. आठव्यात मटेरियलच्या स्पेलिंगमधला एक आय खाल्ला, तर तो रकाना कोराच. शोधायला अजून वीस मिनिटं. हे बदाबदा ओतायचा काही मार्ग आहे का?

हलकंफुलकं | सोमवार, रात्री १०:५८

आहे ना. नवा ट्रेनी घ्या.

प्रोई_काका | सोमवार, रात्री ११:२०

राघू, झोपायच्या आधी एवढं वाच.

रिलेशन्सची, म्हणजे मॉडेलमधल्या सूत्रांची, खिडकी उघड. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे मॉडेलमध्ये नसलेलं नाव लिहिलंस तर क्रिओ कुरकुर करत नाही, त्या नावाचा पॅरामीटर आपणहून बनवतो. म्हणून नोटपॅडमध्ये एक टेक्स्ट फाइल कर:

मटेरियल = "ईएन ८"
हीट_ट्रीटमेंट = "नाही"
फिनिश = "पावडर कोटिंग"
वजन = एमपी_मास("")

(एमपी_मास म्हणजे मॉडेलचं वस्तुमान. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. इथे देवनागरीत लिहिलं कारण मोबाइलवर दोन्ही कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा.)

ही फाइल रिलेशन्सच्या खिडकीत इम्पोर्ट कर, रिजनरेट कर (मॉडेल नव्याने बनवून घे), पॅरामीटर तयार. पण ते रिलेशनच्या ताब्यात असतात, त्यांची किंमत हाताने बदलता येत नाही. म्हणून रिलेशन पुसून टाक आणि परत रिजनरेट कर. पॅरामीटर तसेच राहतात, कुलूप तेवढं निघतं. सगळं एका मॅपकीत (एका बटणावर चालणाऱ्या मॅक्रोत) रेकॉर्ड केलंस की पार्ट उघड, बटण दाब, सेव्ह कर, पुढचा.

क्रिओला प्रो-ई म्हणायचे तेव्हापासून आम्ही हेच करतोय. १९८८ मध्ये ते बाजारात आलं, मी हात लावला त्याच्या बऱ्याच नंतर, पण ही युक्ती तेव्हाच जुनी झाली होती.

तीन_डेसिमल | मंगळवार, सकाळी ७:४०

काकांचा मार्ग बरोबर आहे. पण राघू, हे अकरा पॅरामीटर तुमच्या स्टार्ट पार्टमध्ये का नव्हते? नवा पार्ट ज्या टेम्प्लेटमधून जन्मतो त्यातच हे घालून ठेवले की प्रश्न संपतो.

हलकंफुलकं | मंगळवार, सकाळी ७:५२

बैल गेला नि झोपा केला, याचं क्रिओ व्हर्जन.

रबाळेचा_राघू | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, स्टार्ट पार्ट आहे. २०१६ साली सोडून गेलेल्या माणसाने बनवलेला. त्यात "चेक्ड बाय" मध्ये अजून त्याच माणसाचं नाव येतं.

काका, दंडवत! ऑफिसला गेल्या गेल्या करून बघतो. आत्ता ट्रान्सहार्बरमध्ये लटकलोय.

कोपरखैरणेकर | मंगळवार, सकाळी ११:०५

आमच्याकडे इन्व्हेंटर. तिथे पॅरामीटरच्या खिडकीतच एक्सएमएलला एक्स्पोर्ट आणि एक्सएमएलमधून इम्पोर्ट अशी सोय आहे. एका पार्टमधून काढा, दुसऱ्यात घाला. शिवाय पॅरामीटरच्या ओळीत एक्स्पोर्टच्या चौकटीत टिक केली की तोच कस्टम आयप्रॉपर्टी म्हणून बाहेर पडतो आणि टायटल ब्लॉकला मिळतो.

पण खरी मजा लिंकमध्ये आहे. एक्सेल फाइल किंवा दुसरा पार्टच लिंक करायचा. मूळ जागी आकडा बदला, सगळीकडे बदलतो. राघू, कॉपी कशाला करतोस? एकच मूळ ठेव, बाकी सगळ्यांनी तिथून वाचायचं. एक गोष्ट ६४ जागी लिहिली की ६४ जागी चुकायची सोय झाली.

टर्निंग_मास्तर | मंगळवार, दुपारी १:३०

कोपरखैरणेकर, तुमचं हे मूळ ज्याच्या डेस्कटॉपवर असतं तो रजेवर गेला की काय होतं ते मला विचारा. माझा पावण्याला सीएनसी शॉप आहे, सहा मशिनं. पार्टी मॉडेल पाठवते, उघडलं की पहिली पाटी: लिंक केलेली फाइल सापडत नाही. कुठली फाइल? "फायनल_नवीन_२" नावाची एक्सेल. ती त्यांच्या सर्व्हरवर, मी पावण्याला. कधी मॉडेल जुन्याच आकड्यावर अडकून बसलेलं असतं आणि पार्टीला वाटतं मी नव्या मापाने कापतोय.

एकदा बोअर ४० चा ४२ झाला होता एक्सेलमध्ये. मॉडेलमध्ये ४० च. ड्रॉइंग मॉडेलवरूनच निघालेलं, त्यावरही ४०. अठरा नग गेले. बोअर लहान राहिला म्हणून वाचलो, परत चढवून मोठा केला. उलटं असतं तर भंगार.

मला कॉपी केलेला आकडा चालतो. फाइलच्या पोटात आहे, फाइलबरोबर येतो.

कोपरखैरणेकर | मंगळवार, दुपारी १:४८

मास्तर, तो दोष लिंकचा नाही, फाइल पाठवणाऱ्याचा. पाठवताना लिंक तोडून किंवा सगळ्या फायली एकत्र बांधून पाठवायच्या असतात.

टर्निंग_मास्तर | मंगळवार, दुपारी १:५५

बरोबर. आणि रस्त्यावर डावीकडूनच चालवायचं असतं. घोडबंदरला या एकदा.

तीन_डेसिमल | मंगळवार, दुपारी ३:१०

दोघांचंही थोडं थोडं पटतंय. मी वागळे इस्टेटमध्ये सॉलिडवर्क्सवर आहे, तिथे आम्ही वाटणी केली आहे. मापं, म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल, इक्वेशन्समधून टेक्स्ट फाइलला काढता येतात आणि हवं तर त्या फाइलशी लिंकही ठेवता येते. एकाच मशीनच्या पार्टना सामायिक मापं असतील तेवढ्यापुरतीच लिंक. टायटल ब्लॉकचा मजकूर मात्र कस्टम प्रॉपर्टीत. त्यासाठी प्रॉपर्टी टॅब बिल्डरने एकदा फॉर्म बनवला, प्रत्येक पार्टला उजवीकडे तोच दिसतो. मटेरियल फिनिशला ड्रॉपडाउन आहे, त्यामुळे स्पेलिंग चुकायला जागाच नाही.

जुन्या ढिगाऱ्यासाठी टास्क शेड्यूलर. त्यात कस्टम प्रॉपर्टी अपडेट करायचं काम आहे, अख्खं फोल्डर रात्री लावून घरी जायचं.

अवांतर: घरी म्हणजे आधी मामलेदारची मिसळ, मग घरी.

हलकंफुलकं | मंगळवार, दुपारी ३:१६

तिखट की मध्यम? की तेही ड्रॉपडाउनमधून?

प्रोई_काका | मंगळवार, दुपारी ३:४०

मामलेदारला मध्यम मागणाऱ्याने ठाणेकर असल्याचं सांगू नये.

फुकटफौजदार | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

लायसन्सला पैसे मोजणाऱ्यांनो, फ्रीकॅडकडेही बघा. आमच्याकडे स्प्रेडशीट मॉडेलच्या पोटातच असते. सेलला टोपणनाव द्यायचं आणि स्केचमध्ये मापाच्या जागी ते नाव लिहायचं. दुसऱ्या फाइलच्या स्प्रेडशीटमधूनही वाचता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं त्यात व्हारसेट नावाची वस्तू आली आहे, पॅरामीटर ठेवायची पेटीच म्हणा. स्प्रेडशीटपेक्षा हलकं वाटतं. सेलमधली एक किंमत बदलली की अख्खी फाइल गदागदा हलायची, तो त्रास कमी.

टोपणनाव देताना एक सांभाळा. सेलच्या पत्त्यासारखं किंवा एककासारखं नाव चालत नाही. मी मोटरच्या मापाला लाडाने "एम" म्हणायला गेलो, तो मीटर समजला.

वाशीची_वास्तू | मंगळवार, रात्री ९:००

यंत्रवाल्यांच्या पंगतीत आर्किटेक्टने बसावं का माहीत नाही, पण दुःख सारखंच आहे. रेविटमध्ये शेअर्ड पॅरामीटर असतात, त्यांची एक टेक्स्ट फाइल असते आणि त्यात प्रत्येक पॅरामीटरला एक लांबलचक ओळख क्रमांक. आमच्या ऑफिसात दोघांनी आपापल्या फाइलमध्ये "फायर रेटिंग" बनवलं. स्पेलिंग तंतोतंत सारखं, ओळख क्रमांक वेगळे. शेड्यूलमध्ये (दारांच्या तक्त्यात) निम्म्या दारांपुढे रेटिंग, निम्म्यांपुढे कोरं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन वेगळे पॅरामीटर. एकाच नावाच्या दोन सोसायट्या असाव्यात आणि पत्रं अर्धी इकडे अर्धी तिकडे पडावीत, तसं. नेरूळमध्ये आमच्या बाबतीत हे खरंच होतं.

प्रोई_काका | मंगळवार, रात्री ९:२५

वास्तुताई, बसा बसा. आमच्याकडे नावावरच भागतं, पण म्हणून सगळं सोपं नाही. मजकूर, पूर्णांक, दशांश आणि हो-नाही असे चार प्रकार असतात. नाव तेच आणि प्रकार वेगळा असला की असाच घोळ होतो.

रबाळेचा_राघू | बुधवार, दुपारी १२:४०

काका, चाललं!! मॅपकी बनवली. ५६ पार्ट पन्नास मिनिटांत उरकले. साहेब मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत म्हणजे खूश आहेत.

दोन अडचणी आहेत. एक, प्रोजेक्ट कोड ०४७ आहे, ड्रॉइंगवर ४७.००० येतोय. दोन, वजन सगळीकडे ०.०० किंवा ०.०१.

तीन_डेसिमल | बुधवार, दुपारी १२:५५

माझ्या आयडीची बदनामी थांबवा. :)

पहिलं: कोड अवतरणचिन्हात टाकला नाहीस. रिलेशनमधून नुसता आकडा दिला की दशांश प्रकारचा पॅरामीटर बनतो. मग पुढचं शून्य जातं आणि मागे तीन येतात. ड्रॉइंगवर पॅरामीटरच्या नावापुढे चौकटी कंसात पॉइंट शून्य लिहून मागची शून्यं घालवता येतील, पण पुढचं शून्य कुठून आणणार? तो कोड म्हणजे नाव आहे, संख्या नाही. ज्याची कधी बेरीज करणार नाही ते अवतरणात. आणि आधी बनलेला चुकीच्या प्रकारचा पॅरामीटर उडवून मग नवा बनव.

पीएलएम_पीडित | बुधवार, दुपारी १:०२

दुसऱ्याचं उत्तर: तुमचे पार्ट मिलिमीटर-न्यूटन-सेकंद पद्धतीत आहेत. त्यात वस्तुमान टनात मोजतात. चार किलो म्हणजे ०.००४. एमपी_मासला १००० ने गुणा, किलो मिळतील. मीटिंगमध्ये आहे, पळतो.

रबाळेचा_राघू | बुधवार, दुपारी २:३०

गुणलं. आलं! पुन्हा सगळ्यांवर मॅपकी फिरवली. आजचा वडापाव माझ्याकडून.

(धाग्याचं काम झालं, संपादकांनी बंद केला तरी चालेल.)

हलकंफुलकं | बुधवार, दुपारी २:३३

मराठी धागा काम झालं म्हणून बंद होत नसतो.

कोपरखैरणेकर | बुधवार, दुपारी ४:००

लिंकबद्दल माझं म्हणणं अजून कायम आहे, नोंद असावी.

टर्निंग_मास्तर | बुधवार, दुपारी ४:०५

नोंद घेतली. एक्सेलमध्ये. डेस्कटॉपवर.

रबाळेचा_राघू | शनिवार, संध्याकाळी ७:१०

हलकंफुलकं यांच्या तोंडात साखर पडो. धागा बंद नको.

आज फॅब्रिकेटरच्या स्टोअरवाल्याचा फोन. "साहेब, तुमचा चार टनाचा ब्रॅकेट उतरवायला हायड्रा क्रेन लागेल, गल्लीत हायड्रा शिरत नाही, काय करू?" मी म्हटलं कुठला ब्रॅकेट. ड्रॉइंग काढलं. ३०० बाय १५० बाय १२ ची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, दोन भोकं. वजन: ४२०० किलो.

एका हाताने उचलायची वस्तू. त्याने ड्रॉइंग वाचून फोन केला, मी न वाचता पाठवलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

सगळे तपासले. ५२ पार्टमध्ये वजन ठीक, १२ मध्ये हजारपट.

तीन_डेसिमल | शनिवार, संध्याकाळी ७:३२

त्या बारा पार्टची युनिट सिस्टिम बघ. मॉडेल प्रॉपर्टीज, युनिट्स.

रबाळेचा_राघू | शनिवार, संध्याकाळी ७:५०

मिलिमीटर-किलोग्राम-सेकंद. हे बारा जुन्या प्रोजेक्टमधून उचललेले होते. बाकीचे ५२ मिलिमीटर-न्यूटन-सेकंद.

तीन_डेसिमल | शनिवार, संध्याकाळी ८:०५

मग झालं. तिथे वस्तुमान आधीच किलोत होतं, तू वर हजार लावलेस. तुझ्या फाइलमधली ती एक ओळ ज्या पार्टसाठी लिहिली त्यात बरोबरच होती. बाकी दहा ओळी कुठेही नेल्या तरी त्यांचा अर्थ तोच राहतो, हिचा राहत नाही.

दोन उपाय. एक तर बारा पार्ट बाकीच्यांच्या युनिट सिस्टिममध्ये आण. आणताना सॉफ्टवेअर विचारेल, मापं रूपांतरित करू की नुसता अर्थ बदलू. रूपांतरित कर म्हणायचं. इथे लांबी दोन्हीकडे मिलिमीटरच, पण इंचाचा पार्ट असेल आणि चुकीचा पर्याय दाबलास तर २५.४ पटीचा खेळ. नाहीतर दोन टेक्स्ट फायली ठेव, एकीत हजार, एकीत नाही. मी पहिला उपाय करेन.

पीएलएम_पीडित | शनिवार, रात्री ८:४०

हजाराचा सल्ला माझा होता. मीटिंगमधून घाईत दिला, सगळे पार्ट एकाच पद्धतीत आहेत असं गृहीत धरलं. माफी.

आमच्याकडे ऐरोलीत पीएलएममध्ये (डिझाईनच्या फायली सांभाळणाऱ्या सिस्टिममध्ये) पॅरामीटरला हात लावायला चार सह्या लागतात म्हणून रोज शिव्या घालतो. या शनिवारी जरा कमी घालीन.

प्रोई_काका | शनिवार, रात्री ९:१५

आता माझी पाळी. राघू, एक विचारतो, शांतपणे उत्तर दे. मॅपकी फिरवल्यावर रिलेशन पुसलेस ना? सगळे? वजनाचं पण?

रबाळेचा_राघू | शनिवार, रात्री ९:२०

हो काका, तुम्हीच सांगितलं होतं. सगळे पुसले.

प्रोई_काका | शनिवार, रात्री ९:३८

तेच. चूक माझी आहे, लिहिताना मटेरियल डोक्यात होतं. मजकुराचे रिलेशन पुसायचे, वजनाचं ठेवायचं. ते पुसलंस की वजन म्हणजे त्या दिवशीचा नुसता आकडा उरतो. उद्या त्या प्लेटला खिडकी कापलीस, जाडी १२ ची १० केलीस, ड्रॉइंगवर वजन जुनंच. चार टनाचं निदान कुणी फोन करून विचारतं. ४.२ च्या जागी ३.५ हवं होतं हे विचारायला कोणी फोन करत नाही.

वजनाची ओळ परत घाल आणि पोस्ट रिजनरेशनच्या भागात घाल. साध्या रिलेशनमध्ये घातलीस तर ती भूमिती बनायच्या आधी चालते, म्हणजे एक रिजनरेशन मागचं वजन दाखवते. म्हणूनच जुनी माणसं रिजनरेट दोनदा दाबतात आणि का दाबतो हे विसरलेली असतात. मीही त्यातलाच.

रबाळेचा_राघू | शनिवार, रात्री ९:५५

अरे देवा. गुरुवारी ड्राइव्ह साइडच्या प्लेटला चार स्लॉट वाढवले होते. वजन हललं नाही. मला वाटलं स्लॉट लहान आहेत म्हणून.

टर्निंग_मास्तर | शनिवार, रात्री १०:०२

हे सगळं वाचून कॉपीबद्दलचं माझं मत थोडं पातळ झालंय. कोपरखैरणेकर, लगेच नाचू नका.

कोपरखैरणेकर | शनिवार, रात्री १०:०४

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

रबाळेचा_राघू | सोमवार, दुपारी १२:२०

अपडेट. बारा पार्ट बाकीच्यांच्या पद्धतीत आणले. टेक्स्ट फाइलचे दोन भाग केले: दहा ओळींची मजकुराची फाइल, ती घालून पुसायची. वजनाची एक ओळ वेगळी, ती पोस्ट रिजनरेशनला, पुसायची नाही. नंतर पाच पार्ट निवडून हाताने हिशेब केला, घनफळ गुणिले ७८५० (स्टीलची घनता). ब्रॅकेट ४.२० आला, भोकं धरून बरोबर. साहेबांना सांगितलं. हसले. पण स्टार्ट पार्ट दुरुस्त करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या माणसाचं नाव अखेर आज काढलं.

आणि आत्ताच कस्टमरचा मेल आला. बारावा रकाना हवा, एचएसएन कोड. ८४३१.

प्रोई_काका | सोमवार, दुपारी १२:२८

आता काय घाबरायचं? फाइल उघड, एक ओळ वाढव.

तीन_डेसिमल | सोमवार, दुपारी १२:२९

अवतरणचिन्हात!

रबाळेचा_राघू | सोमवार, दुपारी १२:४१

ताई, एक मिनिट उशीर झाला. तीन पार्टवर ८४३१.००० आलंय.